हात दाखवला की थांबायचं

"आजोबा, चाकांना ब्रेक लावलात का?" ड्रायव्हरताईने आरशात बघत विचारलं.

"लावलाय गं बाई. तू तुझा सांभाळ," चाकाच्या खुर्चीतले आजोबा म्हणाले आणि गाडीत हशा पिकला.

कंडक्टर मावशीने मागची लोखंडी फळी वर ओढली, दार आपटलं आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. मिनी बस निघाली. ती फळी ताईने मुद्दाम बसवून घेतली होती, खुर्ची सरळ आत ढकलता यावी म्हणून. गाडी गावातल्या बायकांनी मिळून घेतलेली, भाडं जीपच्या निम्मं. थांबे-बिंबे काही नाहीत. वाटेत कुणी हात दाखवला की थांबायचं, एवढाच नियम. तो सगळ्यांसाठी होता, फक्त एका माणसाचा अपवाद ताईने मनात करून ठेवला होता.

तो माणूस म्हणजे जीपवाला. दोघांच्या जागेत चौघं कोंबायचा म्हणून गावाने त्याचं नाव डबलसीट ठेवलेलं. दवाखाना, बाजार, कचेरी, सगळं पुलापलीकडे, आणि ही बस येईपर्यंत तिकडे नेणारा हा एकटा. मग काय, त्याचा तोरा विचारू नका.

ताईच्या आईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागायचं, रक्त शुद्ध करून घ्यायला. म्हातारी एक कुबडी काखेत धरून सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभी राहायची. तिला चढवायला वेळ जातो म्हणून डबलसीट जीप जरा हळू करायचा, तिला दोन पावलं पुढे येऊ द्यायचा, खिडकीतून "सीट नाही!" म्हणून ओरडायचा आणि निघून जायचा. आत जागा दिसत असायची. शेवटच्या आठवड्यात त्याने हे दोन्ही वेळा केलं. पुढच्या आठवड्यात रस्त्यावर यायला आई उरलीच नव्हती.

त्याच महिन्यात ताई गाडी शिकायला लागली. लोक म्हणाले, बिचारी दुःख विसरायला काहीतरी करतेय. दुःख कसलं विसरतेय! तिला तो माणूस रस्त्यावर उभा पाहायचा होता, हात वर केलेला. बाकी देवाकडे तिचं काही मागणं नव्हतं.

"आज तो पुढे गेलाय बरं का," मावशी तिकिटं फाडता फाडता म्हणाली. "उजाडताच जीप काढली. आपल्या आधी वाटेतली माणसं उचलायला."

"मिळाली का मग?"

"कोण बसतंय आता त्याच्यात! रिकामीच गेली खडखडत."

ताईचा गिअर जरा जोरातच पडला.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही," मागून मास्तर कुरकुरले. "वर डोंगरात काय पाऊस झालाय! नुसता पाण्याचा आवाज."

"असू द्या मास्तर, वर्गात लागेल की झोप," आजोबा म्हणाले. पुन्हा हशा. मास्तर पेपरमागे गेले.

देऊळ मागे पडलं, वीटभट्टी मागे पडली. समोरून एकही गाडी येत नव्हती.

"आज रस्ता आपल्या बापाचा!" मावशी म्हणाली. ताईनेही वेग वाढवला.

उतार सुरू झाला आणि लांबवर, वळणाच्या अलीकडे, कुणीतरी उभं दिसलं. जवळ जाताच ताईने ओळखलं. डबलसीट. जीप कुठे दिसत नव्हती. कमरेपर्यंत चिखल, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. अंगातला शर्ट काढून हातात घेतलेला आणि तो गरागरा फिरवत होता. दोन्ही हात वर. आई एकच करायची, दुसऱ्या हातात कुबडी असायची.

ताईच्या छातीत धडधडायला लागलं. आनंदानेच, दुसरं काय!

"जीप गेली वाटतं खड्ड्यात," मावशी म्हणाली. "थांबव गं. हात दाखवतोय."

"सीट नाही."

"अगं, मागे दोन मोकळ्या आहेत!"

"तेव्हाही असायच्या, मावशी."

सगळ्यांनाच ते ठाऊक होतं.

"पोरी, घे त्याला," आजोबा हळूच म्हणाले. "रडतोय बघ तो."

रडतच होता. ताईने गाडी जरा हळू केली, तो करायचा तशीच. त्याला दोन पावलं पुढे येऊ दिलं. तो तर रस्त्याच्या मधोमधच आला, हात जोडले, तोंड वेडंवाकडं करून काहीतरी ओरडला. ताईने खिडकीची काच वर केली आणि हॉर्नवर हात दाबून धरला. हॉर्नपुढे त्याचं काही ऐकू आलं नाही. तिने चाक झटक्यात वळवून गाडी त्याच्या बाजूने काढली. जाता जाता त्याने पत्र्यावर धपाधप हात आपटले. आपट म्हणावं, तुझ्याच बापाचा पत्रा.

मग तिने पाय दाबला.

उतारावर गाडी सुसाट सुटली. ताई आरशात बघत होती. तो मागे धावत होता, पडत होता, उठून पुन्हा धावत होता. शर्ट अजून फिरवतच होता. तीन वर्षांनी तिचा जीव थंड झाला. आई, बघतेस ना, ती मनात म्हणाली. तो लहान लहान होत वळणाआड गेला तरी तिला आरशावरून नजर काढवेना.

"ताई!" मावशी किंचाळली.

ताईने समोर पाहिलं. वळण संपलं होतं. पुढे पूल नव्हता.