वाकडं पोळं

रिकाम्या पेटीत आपणहून येऊन बसलेल्या माश्यांनी पोळं वाकडंतिकडं बांधलेलं पाहून सोनाबाईचं डोकंच फिरलं. प्रयोगशाळेत बनवलेल्या माश्या असला गचाळपणा कधी करत नसत. तिनं जुन्या सवयीनं सुरी चालवली आणि पोळं अळ्यांसकट कापून मेणाच्या पातेल्यात टाकलं. बोटाला काहीतरी टोचलं, तिकडे तिनं लक्षच दिलं नाही.

दुपारपर्यंत सगळ्या माश्या पेटी सोडून उडून गेल्या.

जेवताना नवऱ्यानं विचारलं, “अगं, बोट कशानं सुजलं?”

तिनं बोट उजेडात धरलं. त्यात बारीकशी नांगी रुतली होती. ती ताटावरून तशीच उठली.

प्रयोगशाळेच्या माशीला नांगी नसते. खऱ्या माश्या संपून पंधरा वर्षं झाली, असं सगळेच म्हणत.

चुलीवर मेण वितळलं होतं. अळ्या वर तरंगत होत्या.