उलट्या आकड्यांचा हात

शेवंताक्कांनी नव्या, यांत्रिक उजव्या हाताने टोमॅटो अगदी अलगद उचलला आणि त्याचा पार चेंदामेंदा झाला. सकाळपासूनचा हा चौथा. मनगटावरून ओघळणारा रस पाहून त्यांना शिसारी आली. चाळीस वर्षं त्यांनी इचलकरंजीतली तान्ही लेकरं न्हाऊ-माखू घातली होती.

इंजिनियर वैदेही नगरकर टेबल पुसत म्हणाली, "आक्का, तुमच्या खांद्यातली चिप एका कंपनीची आणि हात दुसरीचा. किती दाबायचं तो आकडा चिप दोन तुकड्यांत पाठवते, मोठा तुकडा आधी. हाताला वाटतं, धाकटा आधी आलाय. म्हणून तुम्ही एक सांगितलंत की त्याला दोनशे छप्पन्न पोचतं आणि दोनशे छप्पन्न सांगितलंत की एक."

"मग नीट करा की."

"दोन्ही कंपन्या म्हणतात, आमचंच बरोबर. पण त्यांनी युक्ती दिलीय. चिरडायचाच असं मनात आणून मूठ आवळा."

आक्कांनी दातओठ खाऊन मूठ आवळली. पाचवा टोमॅटो मुठीत जसाच्या तसा राहिला.

"बघा, जमलं. उद्यापासून कामाला लागा."

आक्का मुठीकडे बघत राहिल्या. "म्हणजे लेकराच्या टाळूवर तेल घालताना मी टाळू फोडायचं मनात आणू?"

"मनातलं कुणाला दिसतंय, आक्का?"

आक्कांनी डाव्या हाताने खांद्याची खिट्टी काढली आणि तो यांत्रिक हात टेबलावर उरलेल्या टोमॅटोच्या चिखलात टाकला.

"हा त्या कंपनीवाल्यांना द्या," त्या म्हणाल्या. "आपापली लेकरं न्हाऊ घाला म्हणावं."