दार कोणी उघडलं?

"आता उठू नका," वकीलबाई हळूच म्हणाल्या. "आधी फौजदारांना पूर्ण बोलू द्या."

रंगारी पुन्हा बाकावर टेकला. शेजारी बसलेली मेहुणी पुटपुटली, "भाऊजी, आज तोंडाला कुलूप. एरवी तुमचा ब्रश कमी आणि तोंड जास्त चालतं."

समोर आरोपीच्या पिंजऱ्यात त्याचा मुलगा उभा होता. पोलिसांनी घराची झडती घेतली आणि पिठाच्या डब्यातून पिस्तूल काढलं. ते आपलं नाही, असं मुलगा पहिल्या दिवसापासून सांगत होता. झडतीचं वॉरंट नव्हतं. वरच्या कोर्टाचा निकाल मात्र अगदी ताजा होता. वॉरंट नसेल तर घरच्या माणसाने पोलिसांना राजीखुशीने आत घेतलेलं असलं पाहिजे. नाहीतर घरात सापडलेली वस्तू पुरावा म्हणून धरायची नाही.

त्यामुळे सगळं एकाच प्रश्नावर येऊन अडलं होतं. दार कोणी उघडलं?

"आरोपीच्या आईनं," फौजदार म्हणाले.

मुलाने मान खाली घातली.

गल्लीतल्या लोकांनी रंगाऱ्याला खूप समजावलं होतं. गुन्हा कबूल करायला सांग, शिक्षा कमी होईल, वर्दीशी कशाला वाकडं घेतोस? वकीलबाईंनीही आडपडदा ठेवला नव्हता. "हे फौजदार प्रत्येक खटल्यात हेच सांगतात. घरातल्या बाईनं दार उघडलं. बाई नाही म्हणते, हे हो म्हणतात, आणि कोर्ट यांचं धरतं."

"या वेळी नाही धरणार," रंगारी म्हणाला होता. "पोरगा माझा आहे. मी हटणार नाही."

वकीलबाई उलटतपासणीला उठल्या.

"दार तोडलंत?"

"छे! बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं."

"घाबरल्या असतील."

"अजिबात नाही. मी झडतीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, बघा काय बघायचं ते, आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

"आरोपीच्याच आई होत्या कशावरून?"

"मी विचारलं ना! म्हणाल्या, मीच त्याची आई. चांगलं खणखणीत बोलत होत्या."

"घरात आणखी कोणी?"

"कोणी नाही. त्या एकट्याच."

"शपथेवर सांगताय?"

"शपथेवरच सांगतोय, मॅडम. आज पहिल्यांदा नाही आलो कोर्टात."

मागच्या बाकांवर हशा पिकला. मेहुणीने पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलं. "ताईनं हे ऐकलं असतं तर," ती म्हणाली आणि थांबली.

सरकारी वकिलांना चेव चढला. "साहेब, त्या बाईंनाच का नाही आणत हे लोक? सोपं आहे. आईला खोटं बोलता येणार नाही, म्हणून तिला मागे ठेवलंय."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "यात तथ्य आहे. त्या साक्षीला का नाहीत?"

"त्याचं उत्तर माझा पुढचा साक्षीदार देईल," वकीलबाई म्हणाल्या. "आता या, काका."

रंगारी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढला. नखांत अडकलेला पांढरा रंग सकाळी घासूनही निघाला नव्हता. त्याने शपथ घेतली.

"झडती झाली त्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"घराबाहेर. मी, मुलगा, मेहुणी, झाडून सगळे. घराला कुलूप होतं. परत आलो तेव्हा ते तुटलेलं होतं."

न्यायाधीश पुढे झुकले. "सगळे म्हणता. मग तुमची पत्नी?"

"तीही आमच्याबरोबरच होती, साहेब. पुढून मी खांदा दिला होता, मागून मुलानं."