किल्ली गाडीतच असते
साडेसातीला घाबरलेल्या मुंबईच्या एका शेठनं आपली लाल परदेशी स्पोर्ट्‌स कार लोखंडाचं दान म्हणून शिंगणापूरच्या नृसिंहभटजींना देऊन टाकली, कागदपत्रांसकट. दोन वर्षं ती अंगणात धूळ खात उभी राहिली. नव्व्याण्णव साली भटजींच्या मुलानं, नगरला खोली घेऊन राहणाऱ्या अनीशनं, ती इंटरनेटवर लिलावाला लावली. फोटोखाली पत्ता देऊन त्यानं अभिमानानं लिहिलं, ‘आमच्या गावात घरांना दारं नसतात, चोरी होत नाही. किल्ली गाडीतच असते. कधीही येऊन बघा.’ लिलावाच्या शेवटच्या दिवशी बोली एकही नव्हती, नुसता एक निरोप होता: ‘सकाळी येऊन पाहून गेलो. संध्याकाळी पुन्हा येतो.’ अनीशनं मिळेल ती जीप पकडून घर गाठलं. गाडी जागेवर होती, किल्लीही. त्याचा जीव भांड्यात पडला. “आई, सकाळी कोण आलं होतं?” “चौघं होते. चांगले वाटले, चहा दिला.” “गाडी आवडली त्यांना?” “गाडीकडे कुठे बघतायत! घरच बघत होते. दारं नाहीत याचं भारी नवल वाटलं त्यांना. देवघर, माजघर, कपाटं, सगळं फिरून दाखवलं मी. रात्री कोण कुठे झोपतं, तेही त्यांनी विचारून घेतलं.” बाहेर दिवेलागण होत होती. गल्लीच्या तोंडाशी एक मेटॅडोर दिवे विझवून थांबली. अनीशचा हात नगरच्या सवयीनं कडी शोधत चौकटीवरून फिरला. चौकटीला बिजागरीसुद्धा नव्हती.