लबाडाची दवंडी

"'तळ्याचं पाणी पिऊ नका' ही दवंडी ऐकली होती की, रावसाहेब," पटकीत नवरा गमावलेली कासारीण म्हणाली. "पण ती लबाड सटवाच्या तोंडची. म्हटलं, देतोय ठोकून काहीतरी. तेच पाणी पीत राहिलो आम्ही."

म्युनिसिपालटीचे अध्यक्ष रावसाहेब ताम्हनकर मान खाली घालून ओसरीवरून उतरले. सटवाला 'लबाड' हे नाव त्यांनीच दिलं होतं. दहा वर्षांपूर्वी, वकील असताना, भर कोर्टात. त्याची साक्ष खरी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी उलटतपासणीत त्याला असं काही अडकवलं, की कोर्ट हसलं, अशील सुटला आणि गावाच्या तोंडी ते नाव कायमचं बसलं.

रस्त्यात सटवा हलगी घेऊन उभाच होता. रावसाहेबांना त्याच्याकडे बघवेना.

"आणखी एक दवंडी पीट," ते कसंबसं म्हणाले. "म्हणावं, त्या खटल्यात सटवा खरं बोलला होता. लबाडी वकिलाची होती."

सटवाने हलगीवर हात ठेवला, पण वाजवली नाही.

"पिटतो की. पण रावसाहेब, माझ्या तोंडून आलं, तर हे खरं कोण मानंल?"