काहीच झालं नाही

थिएटरच्या पडद्यावरच्या जाहिराती संपत आल्या तशी दिगंबररावांची बोटं खुर्चीच्या हातावर वळवळू लागली. जाहिरातींचा डिजिटल आवाज मोठा, सिनेमाचा बारीक. बदल झाला की आवाज पडायचा आणि पब्लिक 'आवाज, आवाज' करत शिट्ट्या मारायचं. निवृत्त होईपर्यंत ते वर प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये घाईघाईने आवाजाचं बटण फिरवत आले होते.

आता त्याच केबिनमध्ये त्यांची लेक होती. सकाळभर रिकाम्या थिएटरात आवाज मोजायचं मीटर घेऊन फिरत तिने दोन्ही आवाज एका पातळीवर आणले होते.

सिनेमा सुरू झाला. सवयीने दिगंबररावांचा हात बटण धरल्यासारखा हवेत उठला. पण आवाज तसूभरही पडला नाही. एक शिट्टी आली नाही.

"काका, काय झालं?" शेजारच्याने विचारलं.

"काहीच झालं नाही," दिगंबरराव ऐटीत म्हणाले. "वर माझी लेक आहे ना."