जिताड्याचे खवले

पोलादाचे ते दोन तुकडे मेघालीने तिसऱ्यांदा मोजले. बोटाएवढे, चौकोनी, जुळी भावंडं शोभावीत असे. आकडा ठोकल्याशिवाय ओळखू येऊ नयेत. एक तिच्या थ्री-डी प्रिंटरने पोलादाची पावडर थरावर थर वितळवून घडवलेला. दुसरा तिच्या वडिलांनी, कृष्णकांतनी, भट्टीत तापवून ठोकलेला.

दोन्ही विभाग पोसणं आता परवडत नाही, असं मालक मेहुलशेठनी गेल्या आठवड्यातच सांगितलं होतं. बोईसरचा कारखाना तो केवढासा! घणाच्या चाचणीत ज्याचा तुकडा टिकेल तो विभाग राहील, दुसरा याच महिन्यात बंद.

मेघालीची इकडे आड, तिकडे विहीर. हरली तर प्रिंटर जाणार, नोकरीही जाणार. जिंकली तर बाबांची तीस वर्षांची भट्टी विझणार. सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

एरवी कृष्णकांत तिच्या मशीनला भाकऱ्या थापणारी म्हणून चिडवत. एकदा तिने सूक्ष्मदर्शकाखाली ते थर दाखवले, तर म्हणाले, "हे तर जिताड्या माशाचे खवले." भट्टीच्या पोलादात तसले खवले कधी दिसत नाहीत.

कारखान्यातल्या सगळ्या तुकड्यांवर आकडे तेच ठोकत. मेघालीने पाकिटांवर नावं लिहून तुकडे त्यांच्या हाती दिले. चहा होईपर्यंत त्यांनी ते आणून ठेवले. मशीनचा सात, भट्टीचा आठ.

सगळे जमले. लोलकासारखा झुलणारा घण खाली आला. आठ नंबर ताडकन तुटला. सात नंबर वाकला, पण दुभंगला नाही.

मेहुलशेठनी तिचं अभिनंदन केलं. तिला आनंद झालाच नाही. बाबांकडे बघायची हिंमत होईना.

कृष्णकांतनी हातमोजे काढून खुंटीला लावले.

"जिंकलीस, पोरी. माजं काय, पिकलं पान. आता ते भिंगाखालचे फोटोबिटो राहू दे. घरी चल."

पण रिपोर्टला फोटो लागतोच. त्यांना थांबायला सांगून ती प्रयोगशाळेत गेली. दोन्ही तुकडे घासून लख्ख केले, आतली रचना उठून दिसावी म्हणून ॲसिडचा बोळा फिरवला आणि वडिलांचा आठ नंबर आधी भिंगाखाली धरला.

त्यावर खवलेच खवले होते.